धुरातलं मीठ

ठासणीची बंदूक पावसात भिजल्यामुळे क्वचितच वाया जाते. बार काढल्यावर ती तशीच खुंटीला अडकवली, तर मात्र हमखास वाया जाते. भिजलेली बंदूक माणूस पुसतो, उन्हात धरतो, तिला तेल चोळतो, कारण पाणी डोळ्यांना दिसतं. बार निघून गेल्यावर नळीत जे उरतं ते बाहेरून दिसत नाही. गजाला चिंधी गुंडाळून काढलं, तर काळं काहीतरी निघतं आणि पाहणारा त्याला काजळी समजतो. नुसत्या काजळीनं लोखंडाचं फारसं बिघडत नाही. बिघडवतात ते तिच्यात मिसळलेले क्षार.

काळ्या दारूची कृती जुनी आणि जगभर जवळपास एकसारखी आहे: शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ही दारू पेटली की सगळीच्या सगळी वायू होऊन उडून जाते, असा समज असतो. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या ब्रिटिश संशोधकांनी बंद पोलादी भांड्यांत दारू पेटवून उरलेल्या पदार्थांचं वजन केलं. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग घन पदार्थांच्या रूपात उरतो, वायू जेमतेम ४३ टक्के. बंदुकीतून निघणारा दाट पांढरा धूर म्हणजे याच घन पदार्थांचे हवेत तरंगणारे कण. जे बाहेर पडत नाहीत ते नळीच्या आतल्या अंगाला चिकटतात.

या अवशेषांत पोटॅशियम कार्बोनेट असतं, पोटॅशियम सल्फेट असतं आणि थोडं सल्फाइडही असतं. ओल लागताच सडक्या अंड्यांसारखा जो वास येतो तो या सल्फाइडचा. यातला खरा खोडकर पदार्थ पोटॅशियम कार्बोनेट. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं हे प्रत्येक घरात माहीत आहे, पण त्यासाठी हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास जावी लागते. पोटॅशियम कार्बोनेटला ४३ टक्के पुरतात. म्हणजे मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी नळीतला थर कोरडा राहील, पण जूनचा वारा सुटला की तोच थर हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओला होईल, बंदुकीवर पावसाचा थेंब पडलेला नसला तरी. उन्हाळ्यात न धुता ठेवलेली बंदूक आषाढात तांबारलेली निघते. घरातली माणसं दोष छपराच्या गळतीला देतात.

क्षार आणि लोखंड यांचं हे वैर वाळूजला रोजच्या कामात भेटतं. छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे निघालेल्या रस्त्यावरची ही औद्योगिक वसाहत. बजाज ऑटोचा कारखाना इथे १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची दाटी झाली. मशीनवरून उतरलेला चकचकीत पोलादी भाग उघड्या हातानं उचलला, तर पुढे त्याच जागी बोटांचे तांबूस ठसे उमटू शकतात. घामातलं मीठ तिथे बसलेलं असतं. म्हणून अशा कामात हातमोजे असतात. भाग आधी धुतला जातो, मग गरम हवेनं सुकवला जातो, मग त्यावर गंजरोधक तेल चढतं आणि शेवटी तो गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात किंवा पिशवीत बंद होतो. धुणं, सुकवणं, तेल, आवरण. हा क्रम मोडला, आधी तेल लावलं, तर मीठ तेलाखाली सुरक्षित राहतं आणि गंज निवांत पसरतो.

ठासणीच्या बंदुकीच्या देखभालीत होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. बार काढला, गजानं तेलाची चिंधी फिरवली, काम झालं, असं वाटतं. तेलात क्षार विरघळत नाहीत, ते पाण्यात विरघळतात. ज्या पाण्याला बंदूकवाला घाबरतो तेच त्याचं पहिलं औषध. आजच्या काडतुसांतली धूरहीन दारू जळून जवळजवळ पूर्ण वायू होते, म्हणून काडतुसाच्या बंदुकीचं नुसत्या तेलावर भागतं. त्या सवयीनं ठासणीच्या बंदुकीकडे पाहणारा माणूस फसतो.

पाण्याला हात लावण्याआधी एक काम मात्र न चुकता करायचं: बंदूक रिकामी आहे का, हे बघायचं. गज नळीत बुडापर्यंत सोडून तोंडापाशी खूण करावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून ती खूण कुठवर पोचते ते पाहावं. आत बार असेल तर गज बुडाच्या चार बोटं अलीकडेच थांबतो. वाड्यातल्या माळ्यावर दोन पिढ्या पडून असलेली बंदूकही भरलेली असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या वर्षांनीही पेट घेते. अशी बंदूक सापडली तर ती घरी खरवडत बसू नये. पोलिसांना कळवून परवानाधारक कारागिराकडूनच ती रिकामी करून घ्यावी.

रिकाम्या बंदुकीची धुलाई अवघड नाही. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवावी, कानात, म्हणजे बुडाशी बार पेटवण्यासाठी असलेल्या बारीक भोकात, लाकडी खुंटी बसवावी, कोमट पाण्यात थोडा साबण घालून ते नळीत ओतावं आणि गजाला गुंडाळलेली सुती चिंधी वरखाली फिरवावी. पहिलं पाणी शाईसारखं येतं. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं, मग साध्या पाण्यानं साबण काढायचा. उकळतं पाणी वापरावं की कोमट, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. उकळत्या पाण्यानं नळी तापते आणि आपोआप सुकते हे खरं, पण तापलेल्या ओल्या लोखंडावर काही क्षणांत पिवळट गंजाची साय धरते, हेही तितकंच खरं. कोमट पाणी आणि त्यानंतर कोरड्या चिंध्यांची घाई, हा मार्ग कमी धोक्याचा.

सगळ्यात वाईट कोपरा बुडाचा. ठासणीच्या बंदुकीचं बूड बंद असतं, उजेड तिथे पोचत नाही आणि ओल तिथेच साचते. म्हणून तेल लावल्यावर पहिले काही दिवस बंदूक तोंड खाली करून उभी ठेवतात. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा आत घालून पाहायची. ती तपकिरी निघाली तर क्षार उरलेत, धुलाई पुन्हा पहिल्यापासून. हा दुसऱ्या दिवसाचा फेरा टाळणारे लोक सगळ्यात जास्त, आणि नळीत खड्डे पडलेल्या बंदुकाही बहुधा त्यांच्याच.

पेटत्या वातीनं डागल्या जाणाऱ्या भारतीय तोड्याच्या बंदुकीला आणखी एक दुखणं आहे. तिची लांब नळी बहुतेक वेळा चामड्याच्या वाद्यांनी किंवा धातूच्या पट्ट्यांनी दस्त्याला बांधलेली असते. वादीखाली अडकलेली ओल बाहेरून दिसत नाही. वरची नळी लखलखीत आणि वादी सोडली की खाली लोखंड खाऊन गेलेलं. शिवाय नळीच्या बाजूला रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, ठेवण्याची वाटी असते, तिच्यातून कान आत जातो. दर बाराला रंजकही जळते, तिचा क्षार त्या वाटीत आणि कानात बसतो. गंजानं खाऊन कान रुंदावला की बाराची ताकद तिथूनच निसटते. नळी धुऊन वाटी विसरणं म्हणजे अर्धंच काम.

पुढे तोड्याची जागा चकमकीनं आणि मग तांब्याच्या छोट्या टोपीनं घेतली. आघातानं पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फॉर्साइथ या पाद्र्यानं १८०७ मध्ये घेतलं. टोपीमुळे पावसात बार फुकट जाणं कमी झालं, पण टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट आलं आणि ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरू लागलं. क्लोराइड म्हणजे मिठाचंच भावंड. मीठ समुद्रकाठच्या लोखंडाची जी गत करतं तीच ते नळीच्या बुडाची करतं. कच्च्या सोऱ्यातही साधं मीठ मिसळलेलं असे. युरोपभर जाणारा बिहारचा सोराही दारूत घालण्याआधी पुन्हा पुन्हा विरघळवून, स्फटिक बनवून, त्यातलं मीठ काढून टाकावं लागे. गावठी दारूत ही मेहनत कमी पडली की ती दारू लवकर सर्द होते आणि नळीलाही जास्त खाते.

मराठी दफ्तरात या सगळ्याची जाणीव स्पष्ट दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखलं जाणारं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यातल्या दुर्गांच्या प्रकरणात पावसाळ्यासाठी सूचना आहेत: तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावं, तोफांचे काने मेणानं भरावेत, तोफा झाकून त्या वाया जाणार नाहीत असं करावं. दारूसाठी वेगळी ताकीद आहे. दारूखाना वस्तीच्या घरापासून दूर असावा, आत सर्दी पोचू देऊ नये आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं दारू बाहेर काढून, ऊन दाखवून, पुन्हा मोहर करून ठेवावी.

या मजकुरात सगळ्यात मोलाचा तपशील कान्यातल्या मेणाचा. तोफेच्या तोंडाला गुडदी बसवली तरी वरच्या बाजूला उघडं असलेलं बारीक छिद्र पावसाला थेट बुडापर्यंत वाट देतं. सह्याद्रीवर चार महिने पडणारा पाऊस त्या वाटेनं आत गेला, तर आश्विनात तोफ डागणं म्हणजे गोलंदाजाच्या जिवाशी खेळ. तेल उतरतं, वाहून जातं. मेण जागचं हलत नाही. दरवाजे या यादीत आले ते त्यांच्यावरच्या लोखंडी खिळ्यांमुळे आणि पट्ट्यांमुळे. ज्यानं ही सूचना लिहिली किंवा लिहवून घेतली, त्यानं गडावर पावसाळे काढलेले असणार.

तोफ ओतायला लोखंड सोडून दुसरा धातू घ्यायचा, हा गंजावरचा श्रीमंती तोडगा होता. वाळूजहून पुण्याच्या रस्त्यानं पुढे गेलं की अहिल्यानगर लागतं. तिथे १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी यानं एक अवाढव्य तोफ ओतली. निजामशाहीची ती तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. तीच मुलुखमैदान. वजन सुमारे ५५ टन, धातू कांसं. पावणेपाचशे वर्षांचा ऊनपाऊस अंगावर घेऊनही ती उभी आहे. उलट्या दिशेला दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आणि अंगावर औरंगजेबाचं नाव कोरलेली. तीही मिश्रधातूची. कांशावर चढणारा हिरवट थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला पांघरूण होतो. लोखंडाचा गंज उलटा वागतो. तो मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा मागतो, फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं.

जुनं भारतीय लोखंड गंजतच नाही, अशी एक अभिमानाची समजूत आहे. तिला दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला दिला जातो. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमणियम यांनी त्या स्तंभाचा दीर्घ अभ्यास केला आणि भारतीय तोफांवरही पुस्तक लिहिलं. स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे ओलं-सुकं होण्याच्या फेऱ्यांत त्यावर एक संरक्षक पातळ थर तयार झाला, हे त्यांनी दाखवलं. पण त्याच स्तंभाचा जमिनीत पुरलेला भाग, जिथे ओल आणि क्षार कायम होते, तिथे गंजलेला आढळला. बंदुकीच्या नळीचं बूड हे पुरलेल्या भागाच्या जातीचं. आजोबांच्या बंदुकीचं लोखंड कितीही नामी असलं तरी तिला धुवावंच लागतं.

आता तेलाचा प्रश्न. मराठवाड्याच्या घरात हाताशी येणारं जुनं तेल करडईचं. खायला उत्तम, लोखंडाला नको. करडईचं तेल हवेत हळूहळू सुकून चिकट पापुद्रा धरतं, म्हणून तर ते रंग आणि वॉर्निशसाठी वापरलं जातं. घोड्याच्या आणि चापाच्या सांध्यात ते गेलं तर कळ अडकते. खोबरेल सुकत नाही, पण थंडीत थिजतं आणि खवट झालं की त्यात आम्लं तयार होतात. कपाटात ठेवायच्या बंदुकीला खनिज तेल चांगलं. मात्र बार भरायच्या आधी ते पुसून काढावं लागतं, कारण काळ्या दारूच्या उष्णतेत खनिज तेलाचा डांबरासारखा चिवट थर होतो. डागण्याच्या बंदुकीला म्हणून चरबी आणि मधमाशांच्या मेणाचं मिश्रण वापरत आले आहेत. त्यानं नळीतला अवशेष मऊ राहतो आणि पुढची गोळी सहज उतरते.

१८५७ साली ज्या काडतुसांवरून देश पेटला त्यांच्यावरची चरबी याच कामाची होती. एनफिल्ड रायफल ही ठासणीचीच. तिच्या नळीत आटे होते, अवशेष साचला की गोळी उतरेना, म्हणून कागदी काडतुसाला चरबी. ती कशाची हे शिपायांना कुणी नीट सांगितलं नाही आणि गाय-डुकराच्या चरबीची वार्ता छावणीछावणीत पसरली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्या जूनमध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यानं बंड केलं, पण तिथे ठिणगी काडतुसाची नव्हती. हैदराबादच्या निजामाच्या मुलखाबाहेर दिल्लीच्या बादशहाविरुद्ध आपल्याला नेणार, हा संशय होता. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि काला चबुतऱ्यावर बंडवाल्यांना देहदंड झाला. आजचा क्रांती चौक तो हाच.

ज्या बंदुका आता डागल्या जाणार नाहीत, फक्त जपायच्या आहेत, त्यांचं शास्त्र थोडं वेगळं. संग्रहालयात त्यांना तेलाऐवजी सूक्ष्म स्फटिकांचं शुद्ध मेण लावतात, कारण तेलावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते. उघड्या हातानं कुणी स्पर्श करत नाही. बसलेला गंज खरवडून काढण्याऐवजी टॅनिक आम्लानं त्याचं काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर करतात. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं; रंगारी हिरडा आणि लोखंड एकत्र आणून कापडावर काळा रंग चढवत आले, ती रासायनिक क्रिया याच घराण्यातली. ताज्या तांबड्या गंजाला उकळत्या पाण्यात ठेवलं तर तो काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. बंदूक बनवणारे कारागीर मुद्दाम नळीवर पातळ गंज चढवतात, उकळतात, घासतात, पुन्हा चढवतात. अनेक फेऱ्यांनी नळीला काळानिळा टिकाऊ रंग येतो. गंजालाच पहाऱ्यावर बसवण्याची ही युक्ती कौतुकाची आहे, पण ती घरगुती प्रयोगाची नाही.

घरगुती उत्साहानं झालेलं नुकसान तर वेगळंच मोजावं लागेल. खंडेनवमीला शस्त्रं काढायची, चिंच आणि विटेच्या भुकटीनं लख्ख घासायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. चिंचेतलं टार्टारिक आम्ल गंज विरघळवतं आणि खालचं लोखंडही कोरतं. विटेची भुकटी दरवर्षी नळीचा थर थोडा थोडा खाते, कोरीव नक्षी आणि सोन्याचं कोफ्तकाम तर आधी जातं. ओलं कुंकू आणि ओल्या पाकळ्या रात्रभर लोखंडावर राहिल्या की सकाळी तिथे डाग. पूजा करू नये असं कुणी म्हणणार नाही. फक्त आरती झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवायला दोन मिनिटं लागतात. शिवाय हा वार्षिक सोहळा पावसाळा संपल्यावर येतो, चार महिन्यांचं नुकसान होऊन गेल्यावर. आज्ञापत्राचा रोख पावसाळ्यावर होता.

ठासणीची बंदूक महाराष्ट्रात अजून कामात आहे ती मुख्यतः कोकणात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. रानडुकरं आणि वानरं भात, नारळ, आंब्यावर तुटून पडतात, म्हणून सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाचे परवाने अनेकांकडे आहेत. संभाजीनगर जिल्ह्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात ३००० च्या वर, आणि त्यात समुद्रावरून येणारी खारी हवा. वाळूजला दोन दिवस खपून जाणारा आळस सावंतवाडीला एका रात्रीत नळीवर उमटतो.

तिथे आणखी एक वेळ जपावी लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि मतमोजणी होऊन त्या परत हाती पडेपर्यंत आठवडे जातात. तेवढा काळ बंदूक दुसऱ्यांच्या बंदुकांच्या गर्दीत उभी असते आणि कुणी तिला चिंधी लावत नाही. म्हणून जमा करायला जाण्याच्या आदल्या दिवशी नळी साबणपाण्यानं धुऊन, पूर्ण सुकवून, आतबाहेर तेलाचा जाडसर हात द्यावा, वाटी आणि कानही तेलानं भिजवावेत. परत आणल्यावर पहिली चिंधी कोरडीच घालावी, तिचा रंग बघावा आणि मगच पुढचं तेल ठरवावं.